न मारलेली गाठ

आत्या रोज सकाळी विचारते, "उघडून बघितलंस का?" आणि मी रोज सांगते, "दुकानात गर्दी होती गं, वेळच झाला नाही." आमच्या दुकानात गर्दी होऊन किती वर्षं झाली ते तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.  ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहते.

उघडून बघायची आहे ती एक फ्रेम. दुकानाच्या मागच्या खोलीत, आत्या जिथे बसायची त्या टेबलाच्या वर ती टांगलेली आहे. आत आत्याचा कामाचा निळा ॲप्रन आहे, मी स्वतः टाके घालून लावलेला. समोरून त्यात बघण्यासारखं काही नाही. प्रश्न मागच्या बाजूचा आहे, शेवटच्या टाक्याचा. त्या टाक्याला गाठ आहे की नाही, एवढंच बघायचं आहे. हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. मीही ऐन तारुण्यात पोटभर हसून घेतलं आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. दुकान वडिलांचं, फोटो आणि चित्रं फ्रेम करून द्यायचं. बाबा लाकूड कापायचे, काच बसवायचे आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे. आत्याकडे काम कापडाचं. लोक काय काय फ्रेम करून घेतात याला काही सुमार नाही. बाळाचं पहिलं झबलं, खेळाडूचा घामट टी-शर्ट, निवृत्त पोस्टमनची टोपी, एकदा तर एका बाईनं नवऱ्याची भोकं पडलेली बनियन आणली होती. असं कापड चिकटवून चालत नाही. डिंक लावला की पाच वर्षांत पिवळा डाग पडतो, टाचणी लावली की ती गंजते. ते मागच्या जाड पुठ्ठ्याला बारीक टाक्यांनी शिवावं लागतं, आणि समोरून एकही टाका दिसता कामा नये. आत्या टी-शर्ट असा लावायची की वाटावं, आत कुणीतरी आहे आणि श्वास रोखून उभं आहे.

स्वभावानं ती फटकळ. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "मापाचं मिळालं नाही." चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधायची आणि सापडला की आमच्यावरच डाफरायची.

कापड हातात आलं की ती गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारायची. "कोणाचं?" आणि "आहे की गेलं?" दुसऱ्या प्रश्नाला बाबा हटकून खाकरायचे. कारण गिऱ्हाईक कधी रडायला लागायचं, कधी चिडायचं. पण आत्या उत्तर मिळाल्याशिवाय सुईत दोरा ओवायची नाही. माणूस गेलेलं असेल तर शेवटच्या टाक्याला ती गाठ मारायची, तीन वेढ्यांची, मोहरीएवढी. माणूस असेल तर गाठ नाही. दोऱ्याचं टोक तसंच मोकळं ठेवून आधीच्या टाक्यांखाली खोचून द्यायची.

"उद्या त्याला अंगात घालावंसं वाटलं तर?" ती म्हणायची. "जिवंत माणसाचं कापड कोंडून ठेवायचं नसतं."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणायचे, "आत्या, साठ टाके घट्ट आणि एक मोकळा. त्या एका टाक्यातून माणूस पळून जाणार होय?"

"तू नको पळूस. चहा ठेव," ती म्हणायची.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते, कॉलेज संपवून दुकानाच्या काउंटरवर बसायचे, आणि मला सगळ्या जगापेक्षा जास्त अक्कल होती.

त्या वर्षी आमच्याकडे गायकाचं काम आलं. तेव्हा गायक म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर यायचा, नाव घ्यायची गरज नसायची. न्हाव्याच्या दुकानात तोच, बसमध्ये तोच, शेजारणीच्या स्वयंपाकघरात तोच. आणि या मधाळ गळ्याच्या माणसाला वेड होतं कराट्याचं. रोज पहाटे तालीम. कार्यक्रमात शेवटचं गाणं झालं की स्टेजवर एक फळी आणवायची आणि हातानं तिचे दोन तुकडे करायचे, मगच लोक घरी जायचे. एका वर्तमानपत्रानं त्याच्या फोटोखाली छापलं होतं, 'गळा मधाचा, लाथ बैलाची.' ते कात्रणसुद्धा त्यानं हौसेनं सही करून ठेवलं होतं.

त्याच्या कराट्याला तीस वर्षं झाली म्हणून चाहत्यांनी एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्याचे कराटे मास्तर दोन ट्रंका घेऊन आमच्या दुकानात आले. आत सगळ्यावर सह्याच सह्या. उडी मारतानाचे फोटो, तुटलेल्या फळ्या, फुटकी कौलं, हातमोजे, वापरून वापरून पांढरट झालेला काळा पट्टा. एका दुपारी बसून त्यानं सगळ्यावर एकदमच सह्या केल्या होत्या. आणि सगळ्यांत खाली घडी घातलेला त्याचा कराट्याचा पहिला पांढरा पोशाख.

आत्यानं त्यातला सदरा उचलला आणि विचारलं, "कोणाचा ते माहीत आहे. आहे की गेलं?"

मास्तर खदाखदा हसले. "अहो बाई, आहेत म्हणजे काय! परवाच माझ्या बरगडीत लाथ घातली त्यांनी. बसताना अजून कळ येते."

"मग ठीक आहे," आत्या म्हणाली.

कराट्याच्या सदऱ्याला गुंड्या नसतात. समोरून उघडा असतो, एक बाजू दुसऱ्या बाजूवर घ्यायची आणि वरून पट्टा बांधायचा. सही होती उजव्या बाजूच्या कडेला, बरगडीच्या उंचीवर, काळ्या जाड पेनानं केलेली. आत्यानं डावी बाजू वर घेतली तर सही आत झाकली जायची. उजवी बाजू वर घेतली की छान समोर दिसायची. तिनं दोन्ही करून बघितलं आणि बाबांना हाक मारली.

बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. "ताई, सही दिसली नाही तर लोक काय बघणार? तुझी इस्त्री?"

तीस वर्षं आम्ही सह्याच फ्रेम करत आलो होतो. बॅटवरच्या, बुटावरच्या, एकदा प्लास्टरवरची. वस्तू सहीसाठी असते आणि सही समोर दिसली पाहिजे, एवढाच आमच्या दुकानाचा नियम. उजवी बाजू वर आली. आत्या त्या सदऱ्यावर सहा दिवस बसली. शेवटचा टाका घातला तेव्हा मी तिथेच होते, पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करत होते. पण ती टोक खोचत होती की काय करत होती, हे मी बघितलं नाही. तिच्या हाताकडे बघण्यासारखं काही असतं असं तेव्हा कुणालाच वाटायचं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही तिघंही कडक कपडे घालून सभागृहात गेलो. भर दुपार होती, खिडक्यांतून ऊन येत होतं. गायक हसत, चेष्टा करत एकेका फ्रेमवरचा पडदा ओढत आला. सगळ्यांत शेवटी सदरा. पडदा सरकला आणि त्याचं हसू थांबलं. तो बघतच राहिला. फोटोवाल्यांनी दोनदा हाका मारल्या तरी त्याचं लक्ष नव्हतं. मग त्यानं पाय जुळवले, हात मांड्यांना चिकटवले आणि स्वतःच्याच सदऱ्यासमोर कमरेत वाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हे कोणी लावलं?" त्यानं विचारलं.

आत्यानं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. तो तिच्याजवळ आला. जवळून त्याचा आवाज घोगरा लागत होता.

"बरोबर लावलंत," तो म्हणाला.

आम्ही हवेत तरंगत घरी आलो. आत्या तर त्या दिवशी कुणावर ओरडलीही नाही. मला मात्र एक गोष्ट खटकली होती. मास्तर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, ते दुकानात आले. बसा म्हटलं तर बसेनात. सरळ मागच्या खोलीत जाऊन आत्यासमोर उभे राहिले.

"बाई, तुम्ही उजवी बाजू वर घेतलीत."

"सही तिकडे होती ना," आत्या म्हणाली.

"डावी बाजू वर असते. नेहमी. पोरगं पहिल्या दिवशी आलं की लाथ शिकवायच्या आधी आम्ही हे शिकवतो."  "कराटे ज्या देशातून आलं तिथे उजवी बाजू वर फक्त एकदाच घेतात. प्रेताला घालताना."

बाबा भडकले. "मग हे आधी सांगायचं होतं!"

"मला काय स्वप्न पडलं होतं तुम्ही उलटं लावाल म्हणून? तीस वर्षांत उलटं घातलेलं मी बघितलेलं नाही. आणि त्यांनी तरी सही तिथे कशी केली? त्यांनीच शेकडो पोरांना हे शिकवलंय." मग मास्तर खाली बसले, पुठ्ठ्यांच्या ढिगावरच. "कुणाला सांगू नका. उद्या त्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. मलाही काल समारंभ झाल्यावर कळलं. वाचतील की नाही, डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. आणि ती फ्रेम ते घरी घेऊन गेलेत."

 आत्याच्या हातात सुई होती, ती तिनं अंदाजानंच सुयांच्या उशीत टोचायला नेली, पण उशीच्या बाहेर टोचली. मी तिला असं चुकताना कधी बघितलं नव्हतं.

"मी चांगल्या चालत्याबोलत्या माणसाला मेल्यासारखं नेसवलं," ती म्हणाली.

बाबा समजूत घालायला लागले, कापडानं काय होतं, असल्या गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत, वगैरे. तिनं ऐकून घेतलं नाही. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, सुया आणि पक्कड पिशवीत टाकली आणि मला म्हणाली, "ऊठ. ऑपरेशनच्या आत ते उलटवायला हवं."

मी वाटेत तिला बरंच ऐकवलं. मोठ्या माणसाच्या घरी असं न कळवता कसं जायचं, ते दारातूनच हाकलतील, आपलं हसं होईल. ती भराभरा चालत होती. शेवटी म्हणाली, "हसं झालं तर होऊ दे. माणूस तर राहील."

दार गायकाच्या थोरल्या बहिणीनं उघडलं. आत्यानं "फ्रेम लावणारी" एवढंच सांगितलं आणि त्या बाईंनी काही न विचारता आम्हाला आत नेलं. तालमीची खोली होती. लाकडी जमीन, सामान काही नाही. एक भिंत पूर्ण आरशाची आणि समोरच्या भिंतीवर ती फ्रेम. दोन्हींच्या मध्ये गायक जमिनीवर बसला होता, अंगात तसाच पांढरा सदरा. त्याची डावी बाजू वर होती, हे मी आधी बघितलं. बघितलं याची मला लाजही वाटली.

"मला वाटलंच तुम्ही याल," तो म्हणाला. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती, तो कुजबुजल्यासारखा बोलत होता. लाखो लोकांनी ऐकलेला तो आवाज, आणि आता आम्हाला तो ऐकायला पुढे वाकावं लागत होतं.

आत्यानं हात जोडले. "साहेब, चूक झाली. आम्हाला माहीत नव्हतं. सही दिसावी म्हणून तसं लावलं."

त्यानं आरशाकडे बोट केलं. "तिकडे बघा."

आरशात फ्रेम दिसत होती आणि आरशातल्या सदऱ्याची डावी बाजू वर होती. "आरशातला ठीक आहे," तो म्हणाला. "भिंतीवरचा गेलाय. मी कालपासून मध्ये बसलोय."

 बहीणबाई तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेल्या.

"मला वाटलं, माझा रिपोर्ट तुम्हाला कुणीतरी सांगितला," तो म्हणाला. "बहिणीशिवाय कुणालाच माहीत नव्हता. म्हणून म्हटलं, बरोबर लावलंत. सही माझीच आहे. वळण माझं, खालची रेघ माझी. पण या बाजूला सही केलेली मला आठवत नाही. मी करणारच नाही. झोपेतसुद्धा करणार नाही." मग त्यानं आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघितलं, जसं आपण बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसाकडे बघतो.

आत्या त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिला आता धीर आला होता, कामाचं बोलायचं होतं ना. "मी आत्ता उलटवून देते. आणि एक सांगते साहेब, घाबरू नका. जिवंत माणसाच्या कापडाला मी शेवटची गाठ मारतच नाही. जन्मात मारलेली नाही. टोक मोकळं आहे बघा तुमचं."

"गाठ नाही?"

"नाही."

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं रक्त आलं. "दाखवा," तो म्हणाला.

आम्ही दोघींनी फ्रेम खाली घेतली, चादरीवर पालथी घातली. आत्यानं पक्कडीनं खिळे काढले, मागची फळी उचलली. पुठ्ठ्यावर तिच्या टाक्यांच्या सरळ ओळी होत्या. तिचं बोट ओळीवरून फिरत फिरत खालच्या कोपऱ्यात गेलं आणि थांबलं.

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. गाठ होती. तीन वेढ्यांची, मोहरीएवढी. अशी गाठ मारणारं आमच्या माहितीत दुसरं कुणी नव्हतं. आत्यानं आपला हात वर घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. दोन मिनिटांपूर्वी गायकानं बघितलं होतं, तसंच.

"आहे का?" पलीकडून त्यानं विचारलं.

आत्या पुठ्ठ्यावर अगदी खाली वाकली, चष्मा नीट लावून बघतेय अशी. पिशवीत कात्री होती, पण कात्रीचा आवाज झाला असता. तिनं दातांनी गाठ तोडली. मग सरळ बसून म्हणाली, "छे. मोकळंच आहे."

आत्यानं आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी थाप मारली नव्हती. बाबा मारायचे, दिवसातून चार, आणि ती त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडायची. ती इतकी सरळ आवाजात खोटं बोलली की मलाच क्षणभर वाटलं, मी चुकीचं बघितलं असेल.

पुढचे दोन तास तिनं टाके उसवले आणि पुन्हा घातले. डावी बाजू वर आली, सही आत गेली. शेवटी तिनं मला जवळ बसवलं आणि टोक खोचताना म्हणाली, "नीट बघ. मी काय करते ते तू बघ." मी बघितलं. गाठ मारली नाही. फ्रेम परत भिंतीवर चढली. गायकानं फ्रेमकडे बघितलं, मग मागे वळून आरशात बघितलं आणि हसला.

"आता आरशातला गेला," तो म्हणाला.

"आरशातल्याचं काय एवढं!" आत्या म्हणाली.

दारापर्यंत तो स्वतः सोडायला आला. आम्ही चपला घातल्या, तेव्हा त्यानं आत्याकडे बघून स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं. आत्याला कळेना. त्यानं पुन्हा ठेवलं. आत्यानं आपल्या ओठाला हात लावला, तर तिथे पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता.  त्यानं पाय जुळवले आणि सभागृहात सदऱ्यासमोर वाकला होता तसा आत्यासमोर वाकला.

 रस्त्याच्या वळणावर आत्या म्हणाली, "त्यांना कळलं."

"काय कळलं?"

"सगळं," ती म्हणाली, आणि रस्त्यातच रडायला लागली.

ऑपरेशन झालं. तो वाचला. आवाज गेला. घोगरा नाही, कुजबुजता नाही, काहीच उरला नाही. रेडिओवर त्याची जुनी गाणी लागत राहिली आणि तो मास्तरांच्या वर्गात पोरांना टाळ्या वाजवून कराटे शिकवत राहिला. एक टाळी म्हणजे पुढे, दोन म्हणजे मागे. असा तो आणखी नऊ वर्षं जगला. मी आत्याला सांगायचे, बघ, माणूस राहिला, तुला तेच हवं होतं ना. ती मान हलवायची. पण कधीतरी भाजी निवडतानाच एकदम विचारायची, "मी तोडला तो दोरा कुठला होता गं?"  तेव्हा मला तिचा रागच यायचा. आता येत नाही.

त्या दिवसानंतर आत्यानं कुठल्याही कापडाला शेवटचा टाका स्वतः घातला नाही. सगळं काम करायची आणि शेवटी हाक मारायची, "ये गं, शेवटचा तू घाल. माझ्या हाताचा भरवसा नाही." अशी मी हे काम शिकले. मी डावखुरी, माझे टाके उलट्या अंगानं पडतात, माझी गाठही डावीकडे वळते. आत्या म्हणायची, हे बरं आहे, कोणाचं काम ते लगेच ओळखता येतं.

बाबा गेले. दुकान मी बघायला लागले. आत्याच्या पंचाहत्तरीला तिनं काम सोडलं तेव्हा मी गंमत म्हणून तिचा निळा ॲप्रन फ्रेम केला. मी तो टेबलावर पसरला तेव्हा तिनंच चष्मा लावून विचारलं, "कोणाचं? आहे की गेलं?"

"आहे," मी म्हटलं, "आणि भांडतंय."

ती खूप हसली. शेवटच्या टाक्याला मी तिच्या देखत टोक खोचलं. मोठ्यानं बोलून खोचलं, "बघ, गाठ नाही." तिनं बघितलं. मीही बघितलं. आज माझी खात्री आहे ती एवढ्याचीच, की आम्ही दोघींनी तसं बघितल्याचं मला आठवतं.

दोन महिन्यांपूर्वी ती अंथरुणाला खिळली. धाप लागते. डॉक्टर येतात, तपासतात, बाहेर येऊन "बघू" म्हणतात. तेव्हापासून तिचा रोजचा प्रश्न सुरू झाला आणि माझी रोजची गर्दी. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मी चाळिशी ओलांडलेली बाई, लाइटबिलाच्या माणसाशी भांडते, आणि एका ॲप्रनच्या पाठीकडे बघायला घाबरत होते. आत्या सोडून मला घरात आता कुणी नाही.

आज दुपारी एक वाजता मी शटर ओढलं. फ्रेम उतरवली, टेबलावर पालथी घातली. खिळे काढले. फळी उचलताना स्वतःशीच म्हणत होते, नसेल, नसणारच. निळ्या दोऱ्याची ओळ सरळ कोपऱ्यापर्यंत गेली होती.

गाठ होती. तीन वेढ्यांची, डावीकडे वळलेली.

 रडले, नाक पुसलं, पुन्हा रडले. हाताकडे बघितलं, तो माझाच होता. कात्री समोर पडलेली होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, आवाज झाला असता तरी कुणी ऐकणार नव्हतं. तरी मी खाली वाकले आणि दातांनी गाठ तोडली. टोक खोचलं, फळी लावली, खिळे ठोकले, फ्रेम परत टांगली आणि घरी आले.

आत्या उशीला टेकून बसली होती. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. आज तिनं विचारलं नाही, मीच म्हटलं, "बघितलं."

"मग?"

"छे. मोकळंच आहे."

माझा आवाज सरळ लागला. मला वाटलं, जमलं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं चादरीवरचा हात उचलला, तो उचलायलाही तिला वेळ लागला, आणि माझ्या ओठावरून दोन बोटांनी काहीतरी टिपलं. कापडावर राहिलेला धागा टिपायची तसंच. ते तिनं उन्हात धरून बघितलं.

"निळा," ती म्हणाली.

मला हुंदका फुटला. तिनं तो तुकडा मुठीत घेतला, मूठ मिटली आणि दुसऱ्या हातानं माझ्या गालावर हळूच एक चापट मारली.

"रडू नकोस," ती म्हणाली. "चहा ठेव."